आधी मशीनचं तोंड पुसा, मग कार्ड बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती सूचनांची एक चौकट होती. नारळ फोडण्याची युक्ती आणि पापडाच्या डब्यातली लवंग यांच्या मधोमध तिसरी सूचना अशी : एटीएम कार्ड मोबाईलच्या कव्हरात ठेवू नका, चिपमधलं चुंबकत्व उडतं आणि कार्ड बाद होतं. एवढ्या एका ओळीत दोन चुका आहेत. त्याच चुकांपायी आमच्या वाड्यातल्या आक्कांना ४७२ रुपयांचा भुर्दंड बसलेला आहे, म्हणून हे पत्र. जरा लांबेल. कापायचं झालं तर माझं पुराण कापा, आक्कांचं कापू नका.

आक्का निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ७६. पेन्शन जमा झाली की बाजारातल्या एटीएमवर जायचं, पैसे दोनदा मोजायचे आणि येताना भाजी, हा नेम. श्रावणात एटीएमनं त्यांचं कार्ड घ्यायचं बंद केलं. पिन चुकला, शिल्लक नाही, असलं काही नव्हे. कार्ड आतच जाईना. फटीत सरकवलं की आतली झडप बंद ती बंदच. बँकेत गेल्या. काउंटरवरच्या मुलानं कार्ड हातातसुद्धा न घेता विचारलं, "मोबाईलच्या कव्हरात ठेवता ना?" ठेवते म्हणाल्या. "मग डिमॅग्नेटाइज झालं. नवीन घ्यावं लागेल." दोनशे रुपये, वर जीएसटी, पंधरा दिवस वाट बघा. नवं कार्ड संक्रांतीपर्यंत चाललं आणि पुन्हा तीच गत, तोच मुलगा, तेच २३६ रुपये. आता तिसऱ्यांदा झालं तेव्हा बँकेत न जाता आपल्या पुरवणीचं कात्रण घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. "काय रे इंजिनियर, पेपरातही तेच छापलंय. कार्ड ठेवू तरी कुठं, देव्हाऱ्यात?"

मी इंजिनियर नाही. मिरजेत टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या दुकानात मी १९८१ साली कामाला लागलो. मिरजेत टेपरेकॉर्डर म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांचं हे गाव. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरसाला गाणं होतं, ते टेप करून ठेवणारी माणसं घरोघर. त्यांच्या कॅसेटी आणि मशीनं आमच्याकडे यायची. कॅसेटचा धंदा बसला तेव्हा मी कार्डाच्या मशीनकडे वळलो आणि १९९८ ते २०१९ अशी एकवीस वर्षं सांगली, मिरज, इचलकरंजी, पार जतपर्यंत दुकानांतली स्वाइप मशीनं आणि एटीएमची तोंडं दुरुस्त करत फिरलो. लोकांना वाटायचं, याचा धंदा पार बदलला. खरं म्हणजे काहीच बदललं नव्हतं. तीच लोखंडाच्या ऑक्साइडची पट्टी, ती वाचणारं तेच हेड, आणि खिशात तीच स्पिरिटची बाटली नि कापूस.

पहिली चूक लगेच निस्तरतो. चिपमध्ये चुंबकत्व नसतं. तो सोनेरी चौकोन म्हणजे एका बारक्या संगणकाचे जोड आहेत. त्याला चुंबक लावा, काही होत नाही. वाकवलं, चिरलं, जोडांवर मळ बसला तर चिप रुसते, तो वेगळा रोग.

चुंबकत्व असतं ते मागच्या काळ्या पट्टीत. तिथंही जात बघावी लागते. पट्टी पुसायला किती जोराचं चुंबक लागतं हे ओर्स्टेड नावाच्या मापानं सांगतात. हॉटेलात खोलीची चावी म्हणून जे कार्ड देतात त्याची पट्टी ३०० ओर्स्टेडच्या आसपासची, कारण ती रोज नव्या गिऱ्हाइकासाठी पुसून लिहायची असते. पर्सच्या चुंबकी बटणानं ती खुशाल जाते. बँकेच्या कार्डाची पट्टी सहसा २७५० ओर्स्टेडची. साध्या मोबाईलच्या स्पीकरमधला चुंबकाचा कण तिचं काही वाकडं करू शकत नाही. पाठीवर चुंबकाची कडी असलेले नवे महागडे मोबाईल निघालेत, त्यांना चिकटवून कार्ड ठेवू नये हे खरं. जुन्या हार्ड डिस्कमधलं निओडिमियम चुंबक काढून पट्टीवर घासलंत, तरीही पट्टी गेलीच म्हणा. पण आक्कांचा मोबाईल बटणांचा आहे आणि हार्ड डिस्क त्यांनी पाहिलेली नाही.

मी म्हटलं, आक्का, वाद कशाला, पट्टीलाच विचारू. माझं एक मुदत संपलेलं कार्ड काढलं. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याच्या ग्राइंडरखालची लोखंडाची भुकटी आणली आणि चहाच्या गाळणीला आईचं जुनं मलमल लावून दोनदा चाळली. पिठीसाखरेहून बारीक हवी. ती पट्टीवर भुरभुरली, कार्ड उभं धरून खालून टिचकी मारली. जादा भुकटी झडून गेली आणि पट्टीच्या मधून एक बारीक कंगवा उमटला. एकाखाली एक नव्हे, एकाशेजारी एक अशा उभ्या रेघा, काही ठिकाणी विरळ, काही ठिकाणी दाट. त्यावर चिकटपट्टी दाबून उचलली आणि वहीच्या पांढऱ्या कागदावर लावली. आक्कांनी चष्म्यावर भिंग धरलं आणि पहिला प्रश्न शिक्षिकेला शोभेलसा केला : "हे वाचायचं कुठनं?"

यासाठी रेघ म्हणजे काय ते सांगायला हवं. पट्टीत ओळीनं बारकी चुंबकं निजलेली असतात. जिथं एकाचं टोक दुसऱ्याच्या तशाच टोकाला भिडतं, तिथं लोहकण गोळा होतात, ती रेघ. हेड म्हणजे तारेचं वेटोळं आणि त्याच्या गाभ्याला एक फट. रेघ फटीपुढून गेली की वेटोळ्यात विजेची उसळी येते. रेघ हलली नाही तर वीज नाही. हळू हलली तर उसळी दुबळी.

आता गंमत. कॅसेटमध्ये फीत ओढायला मोटर असते, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर, त्यात जरा कमीजास्त झालं की गवय्याचा सूर हलतो. दुकानातल्या स्वाइप मशीनला मोटरच नाही! मोटर म्हणजे गिऱ्हाइकाचा हात. एक गिऱ्हाईक कार्ड सर्रकन ओढतं, दुसरं शेंदूर लावल्यासारखं हळूच. मग रेघांमधलं अंतर मशीननं मोजायचं कशानं? याचं उत्तर आक्कांना मी तबल्यावरून सांगितलं, कारण मिरजेत तेच लवकर कळतं. प्रत्येक मात्रेला एक ठोका पडणारच. मात्रेच्या मध्ये आणखी एक ठोका पडला, म्हणजे दुगुन झाली, तर तो एक. नाही पडला तर शून्य. नंबर सुरू व्हायच्या आधी पट्टीवर नुसते शून्य असतात, मशीनला लय कळावी म्हणून धरलेला ठेका. पुढे हात हळूहळू जलद झाला तर मशीनही लय वाढवत नेतं, बुजुर्ग साथीदारासारखं. हात मध्येच दचकला तर मात्र सम चुकते आणि मशीन म्हणतं, पुन्हा ओढा.

काळ्या पट्टीवर अशा रेघांच्या समांतर ओळी असतात. त्यांतल्या मधल्या ओळीत इंचाला ७५ मात्रा, म्हणजे एक मात्रा साधारण एक तृतीयांश मिलिमीटरची. म्हणून ती भिंगानं वाचता येते. पाच-पाच मात्रांचा एक आकडा. सुरुवातीची खूण ११०१०. आक्कांनी शून्यांची रांग ओलांडली, खूण गाठली आणि पुढचे पाच मोठ्यानं वाचले, "रुंद, रुंद, दोन अरुंद, रुंद, रुंद." रुंद अंतर म्हणजे शून्य, दोन अरुंद म्हणजे एक, म्हणून ००१००. पहिल्या चार मात्रांची किंमत ओळीनं १, २, ४, ८. म्हणजे चार, आणि माझं ते कार्ड चारनंच सुरू होत होतं. पुढचे आठ-दहा आकडे त्यांनी स्वतः लावले, माझ्याहून वेगानं. मध्येच थांबून म्हणाल्या, "प्रत्येक पाचात एकाची संख्या विषमच का रे येते?" मी एकवीस वर्षं जी गोष्ट नव्या पोरांना तोंडपाठ करून घ्यायला लावत होतो ती यांनी चिकटपट्टीवरून काढली. पाचवी मात्रा तपासणीची असते. चारांत एक सम आले तर पाचवा एक, विषम आले तर शून्य. एखादी रेघ वाचायची राहिली की बेरीज सम होते आणि मशीनला चूक कळते.

त्या ओळीत मावतात फक्त ४० अक्षरं : कार्डाचा नंबर, मुदत, तीन आकडी सेवासंकेत (कार्ड कसं वापरायचं याची मशीनला खूण) आणि बँकेचे काही गुप्त आकडे. कडेकडच्या ओळीत इंचाला २१० मात्रा आणि ७९ अक्षरं, तिथं नावही असतं. ती भिंगालाही दाद देत नाही. पिन पट्टीवर नसतो. कार्डाच्या मागे छापलेले तीन आकडेही नसतात. (हा प्रयोग कुणी केलाच तर चालू कार्डावर करू नका. केलात तर ती चिकटपट्टी जाळा, कारण तिच्यावर तुमच्या कार्डाचा नंबर उतरलेला असतो. आणि भुकटी लागलेलं कार्ड मशीनमध्ये घातलंत तर मला शिव्या खाव्या लागतील.)

मग आक्कांच्या कार्डावर तोच प्रयोग मी स्वतः केला. कंगवा स्वच्छ, एकही दात पडलेला नाही. कार्ड स्पिरिटनं दोनदा पुसलं आणि त्यांना स्टेशन रोडच्या दुसऱ्या एटीएमवर नेलं. पहिल्या फटक्यात पैसे. येताना बाजारातल्या जुन्या एटीएमवर थांबलो. झडप बंद. मागे उभा असलेला कोथिंबीरवाला म्हणाला, "तीन-चारदा सारायचं मामी, मग घेतंय ते."

तो कोथिंबीरवाला रोज तिथं पैसे काढतो, म्हणून त्याला रोग माहीत. मला तो माझ्या धंद्यामुळे माहीत. कार्ड मोटरनं आत ओढून घेणाऱ्या पुष्कळ एटीएममध्ये तोंडाशीच एक छोटं हेड असतं. त्याचं काम फक्त एवढंच, की समोर आलेल्या प्लास्टिकला चुंबकी पट्टी आहे का बघायचं. असली तर झडप उघडायची. कुणी व्हिजिटिंग कार्ड किंवा आइस्क्रीमची काडी घालू नये म्हणून ही सोय. पुढचा सगळा व्यवहार चिपवर होतो, पण दारावरची कडी पट्टीनंच वाजवायची. तेच हेड मळलं तर ठणठणीत कार्डालाही दार उघडत नाही. बाजाराचा रस्ता, उघडं दार, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ. किती दिवसांत कुणी ते तोंड पुसलं नसेल!

मळलेलं हेड काय करतं हे मी टेपच्या काळात शिकलो. कॅसेट लावली की गाणं ऐकू यायचं, बोल कळायचे, पण तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती बारीक झणझण, नाहीशी. गिऱ्हाईक म्हणायचं, कॅसेट खराब झाली. मी बोळा फिरवायचो आणि जवारी परत. फीत आणि हेड यांत केसाएवढं अंतर पडलं तरी आधी बारीक कंपनं मरतात, जाड टिकून राहतात. कार्डातही तेच. कडेची ओळ बारीक, ती आधी जाते. मधली ओळ जाड, ती रडतखडत चालते. म्हणून "कधी घेतंय, कधी नाही" असं ऐकलं की मी कार्डाकडे बघतही नसे, आधी मशीन उलटं करत असे.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याच्या दिवसांत तर विचारू नका. एका अडत्याकडून आठवड्यात तिसऱ्यांदा बोलावणं आलं, "मशीनच बदला, पाव्हणं." उघडलं तर हेडच्या तोंडावर नखाएवढा पिवळाधमक पापुद्रा. हळद, हाताचं तेल आणि कार्डावरचा मळ यांचा गिलावा. हेड पातळ स्प्रिंगवर बसवलेलं असतं, कार्डाला दाबून राहावं म्हणून. ती स्प्रिंगसुद्धा हळदीनं अडकलेली. काडीला कापूस, कापसाला स्पिरिट, चार मिनिटांचं काम. त्या अडत्यानं तोवर आठ गिऱ्हाइकांना "तुमचं कार्ड गेलं" म्हणून सांगितलं होतं आणि त्यातले दोघे बँकेत जाऊन नवं कार्ड मागूनही आले होते.

याउलट मिरजेचा एक औषध दुकानदार. त्याला कुणी शिकवलं देव जाणे, पण कार्ड वाचलं नाही की तो ते पातळ कॅरीबॅगमध्ये गुंडाळून ओढायचा आणि ते चालायचं. लोकांना वाटायचं, मंत्र आहे. ओरखडे पडलेल्या पट्टीवर खऱ्या रेघांबरोबर खोट्या बारीक उसळ्याही येतात. मध्ये प्लास्टिक आलं की आधी बारीक मरतं, जाड उरतं. जो दोष हळदीत, तोच गुण कॅरीबॅगमध्ये.

या पट्टीची कहाणी मी आक्कांना परतताना सांगितली. आयबीएमचे फॉरेस्ट पॅरी १९६० च्या दशकात सीआयएच्या ओळखपत्रावर चुंबकी फीत बसवायच्या खटपटीत होते. कुठल्याही गोंदानं फीत सुरकुतायची. घरी आले तर पत्नी इस्त्री करत होत्या. त्या म्हणाल्या, आणा इकडे, आणि इस्त्रीनं फीत प्लास्टिकवर बसवून दिली. आक्का एवढंच बोलल्या, "नाव नवऱ्याचंच झालं असेल."

पट्टीचा खरा दोष वेगळा आहे आणि तो कुठल्या मोबाईलमुळे येत नाही. ती दरवेळी तेच बोलते. कुणीही, कुठल्याही हेडपुढून नेली तरी तेच. चोराला काय हवं? एटीएमच्या तोंडावर दुसरं खोटं तोंड, त्यात एक हेड, पिनसाठी वर एक बारका कॅमेरा. उतरवलेले आकडे कोऱ्या कार्डावर लिहिले की जुळा भाऊ तयार. चिपला मशीन दरवेळी नवा प्रश्न घालतं आणि ती दरवेळी नवं उत्तर देते, म्हणून तिची अशी नक्कल होत नाही. त्यामुळेच रिझर्व्ह बँकेनं ३१ डिसेंबर २०१८ ही तारीख दिली आणि त्याआधी नुसत्या पट्टीची कार्डं बदलून घ्यायला लावली. तेव्हाची रांग आपल्या वाचकांना आठवत असेल. मी त्या रांगेच्या पलीकडे होतो, दिवसाला तीस मशीनं चिपसाठी तपासत. चिपचं कार्ड दुकानात नुसतं ओढलं तर मशीन सेवासंकेताचा पहिला आकडा बघतं. तो २ किंवा ६ असला की म्हणतं, चिप घाला. म्हणजे पट्टी आजही बोलते, पण बोलते ती एवढंच की मला विचारू नका, तिला विचारा. मास्टरकार्डनं २०२१ मध्येच जाहीर करून टाकलंय की २०२९ पासून नव्या कार्डांवर पट्टी असणार नाही आणि २०३३ पर्यंत ती त्यांच्या कार्डांवरून जाईल. तोवर मिरजेच्या बाजारातली झडप तिच्याच टकटकीवर उघडणार आहे.

तेव्हा आपणाकडे मागणं एवढंच. एक, त्या सूचनेची दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच टायपात छापावी. दोन, आपले वार्ताहर बँकांत जातातच, तर एकदा विचारावं की "कार्ड डिमॅग्नेटाइज झालं" हे काउंटरवर ठरवतात कशावरून? तपासायचं यंत्र कुठल्या शाखेत आहे? मला एकवीस वर्षांत एकाही शाखेच्या काउंटरवर दिसलं नाही. कार्ड दुसऱ्या एटीएमवर चालतं का, एवढं तरी पैसे कापायच्या आधी बघावं. ते बघायला भुकटीही लागत नाही नि भिंगही.

आक्कांनी ४७२ रुपये परत मिळावेत म्हणून अर्ज दिला, पोच घेतली, सोबत स्टेशन रोडच्या एटीएमच्या पावतीची प्रत जोडली. त्यानंतर चार दिवसांनी एक पोरगा येऊन बाजारातलं एटीएम पुसून गेला, हे कोथिंबीरवाल्यानं सांगितलं. आता झडप उघडते. पैशांचं उत्तर परवा आलं : "आपले कार्ड चुंबकिय दोषामूळे निकामि झाल्याने शूल्क परत करता येत नाही." आक्कांनी तांबड्या शाईनं चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, खाली "पुन्हा तपासून आणणे" असा शेरा मारला आणि कागद काल बँकेत परत नेऊन दिला.

आपला,
एक निवृत्त मशीन दुरुस्तीवाला, मिरज